गजऱ्यातला तो नट कोण?

*ए-२०४ वहिनी:* नमस्कार मंडळी. जुन्या टीव्हीवरचा एक विनोदी नट, दूरदर्शनच्या 'गजरा' कार्यक्रमात यायचा. नाना सकाळपासून त्याच्या नावावर अडकलेत. धड जेवलेही नाहीत. "माझं डोकं चाललंय का गं?" असं सारखं विचारतायत. बीपी आधीच वर आहे, कृपया चेष्टा नको.

*बी-३०१ काका:* लक्ष्मीकांत बेर्डे.

*ए-२०४ वहिनी:* ते नाव सांगून पाहिलं काका. नाही म्हणाले.

*ए-१०२ आजी:* गजरा म्हणजे विनायक चासकरांचा ना! आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. सगळे नानांच्या हॉलमध्ये सतरंजीवर. दारात चपलांचा हा ढीग!

*बी-४०३:* ढीग अजूनही असतो. २०४ बाहेरचं चपलांचं कपाट कधी हलणार?

*ए-२०४ वहिनी:* तो विषय मीटिंगमध्ये झालाय. आज नको, प्लीज.

*बी-४०३:* झाला नाही. पुढे ढकलला.

*सी-१०१ भाऊ:* गुंड्याभाऊ असतील. बाळ कर्वे.

*ए-१०२ आजी:* अरे, ते 'चिमणराव' मालिकेतले. सोबत दिलीप प्रभावळकर.

*ए-२०४ वहिनी:* नाना म्हणतात, अंगाने लठ्ठ नव्हता. शर्ट-पँटमधला, बँकेत भेटेल असा साधा माणूस. पुष्कळदा बायको सोबत असायची.

*सी-१०१ भाऊ:* खरी बायको की नाटकातली?

*ए-२०४ वहिनी:* खरी, म्हणतायत.

*बी-३०१ काका:* बेर्डेच. मी तेव्हा बघायचो.

*सी-२०२ दादा:* काका, नानांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता ना? मुंबईत रंगीत आला १९८२ ला. बेर्डे गाजले ते 'टुरटूर' नाटकामुळे, १९८३ ला. मग कसं जमतं?

*बी-३०१ काका:* तू तेव्हा जन्मलाही नव्हतास.

*सी-२०२ दादा:* म्हणूनच तारखा बघून बोलतोय, काका 🙏

*सेक्रेटरी:* उद्या टाकी धुणार. १० ते २ पाणी बंद. ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे.

*ए-१०२ आजी:* नाना सोसायटीचे पहिले चेअरमन आहेत. त्यांचं काम हे सोसायटीचंच काम.

*सेक्रेटरी:* आजी, मी नाही कुठे म्हटलं?

*बी-१०४ ताई:* एक मिनिट. नवरा-बायको दोघं म्हणजे किशोर प्रधान आणि शोभा प्रधान तर नव्हेत?

*सी-२०२ दादा:* 'जब वी मेट'मधला स्टेशन मास्तर? रात्री करीनाला उपदेश करतो तो?

*बी-१०४ ताई:* हो, तेच! पिक्चर २००७ चा. फोटो टाकते. वहिनी, नानांना दाखवा.

*ए-२०४ वहिनी:* हेच!!! फोटो पाहून टाळीच वाजवली नानांनी. "किशोर प्रधान, किशोर प्रधान" चाललंय. आता विचारतायत, कसे आहेत ते?

*बी-१०४ ताई:* गेले हो. जानेवारी २०१९.

*ए-१०२ आजी:* लगेच सांगू नकोस गं. आधी पोटभर जेवू दे.

*सी-१०१ भाऊ:* नानांसाठी यूट्यूबवर जुना गजरा शोधू का?

*सी-२०२ दादा:* शोधा, पण त्या काळी टेप पुसून त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग व्हायचं. बरंचसं गेलंय.

*ए-१०२ आजी:* मग नानांकडून ऐकून ठेवा रे कुणीतरी. त्यांना नाटिकाच्या नाटिका पाठ आहेत. रविवारी मी येतेच.

*ए-२०४ वहिनी:* या सगळेच. चहा माझ्याकडे.

*बी-३०१ काका:* येतो. पण बेर्डे विनोदात वरचढच.

*बी-४०३:* मीही येतो. कपाटाचं तेव्हाच बोलू.