सायकेडेलिक रॉक: ‘पायपर’ मला उमगत नाही, सुरुवात कोठून करावी?

शुद्धनिषाद:
माझे कान ख्याल-ठुमरीवर वाढलेले आहेत. गेल्या काही महिन्यांत मी १९६६ ते १९६८ या काळातील सायकेडेलिक रॉकचे, म्हणजे नशेतल्या भ्रमासारखा अनुभव उभा करू पाहणाऱ्या रॉकचे, अल्बम सलग ऐकायला घेतले. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ने पहिल्याच ऐकण्यात मन जिंकले. पिंक फ्लॉइड या बँडचा पहिला अल्बम, ऑगस्ट १९६७ मधील ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’, मात्र तीनदा ऐकूनही हाती लागलेला नाही. बँडचा गायक-गीतकार सिड बॅरेट याची छोटी गाणी, विशेषतः शेवटचे ‘बाइक’, मला मनापासून आवडतात. परंतु ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ साडेनऊ मिनिटांहून अधिक चालते आणि गिटारवरची ती उतरत्या स्वरांची गत संपली की पुढे काय धरून ऐकावे, तेच कळत नाही. हा माझ्या सवयीचा दोष समजावा का? आणि पुढे काय ऐकावे?

खर्ज६६:
दोष कोणाचाच नाही, क्रम चुकला आहे. तुमच्यासारख्या श्रोत्याने बीटल्सच्याच ‘रिव्हॉल्व्हर’पासून (ऑगस्ट १९६६) आरंभ करावा, आणि तोही त्यातील शेवटच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’पासून. हे गाणे जवळजवळ एकाच षड्जावर उभे आहे, मागे तानपुरा आहे, आणि उत्तरार्धात बीटल्सपैकी लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढल्यामुळे दूरच्या डोंगरावरून आल्यासारखा वाटतो. टेपचे लूप (टोके जोडून पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) इमारतीतील निरनिराळ्या यंत्रांवर एकाच वेळी चालवले होते, आणि टेप सैल पडू नये म्हणून माणसे ती पेन्सिलींवर ताणून धरून उभी होती. समुद्रपक्ष्यांचा कलकलाट वाटतो, ते प्रत्यक्षात त्यांच्यातल्याच मॅकार्टनीचे वेग वाढवलेले हसणे आहे.

त्याच अल्बमवरील ‘लव्ह यू टू’मधला तबला अनिल भागवत यांचा आहे आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापलेले आहे, बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाला असा मान क्वचितच मिळे. बीटल्सपैकी हॅरिसनची भारतीय संगीताची ही ओढ पुढे मुंबईपर्यंत आली. जानेवारी १९६८ मध्ये त्याने ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित केले, ज्यात बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे.

जुनी_तबकडी:
‘रिव्हॉल्व्हर’ ऐकावाच, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही, कारण ‘इंटरस्टेलर’मध्ये षड्ज शोधत बसलात तर निराशाच पदरी येईल. ती गत दोन टोकांना रोवलेल्या खांबांसारखी आहे. मध्ये सारे विरघळते, ऑर्गन भरकटतो, गिटार नुसती खरखरते, आणि पुष्कळ वेळाने तीच गत परत येते. समेची वाट पाहणाऱ्या कानाला त्या परतण्यात जो दिलासा मिळतो, तो रॉकमध्ये मला फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे.

एक विनंती: मोनो आवृत्ती, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, ऐका. स्टिरिओत गत परतते तेव्हा आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे झोके घेऊ लागतो आणि हेडफोनवर तो क्षण हातचा जातो. मोनोत तो छातीवर येऊन आदळतो. ‘पायपर’चा निर्माता नॉर्मन स्मिथ हा ‘रबर सोल’ या अल्बमपर्यंत बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता, त्यामुळे इतक्या गोंधळातही प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ऐकू येते.

सांजवेळ:
या चर्चेत लंडनच लंडन आहे, म्हणून लॉस एंजेलिसची आठवण करून देते. लव्ह या बँडचा ‘फॉरेव्हर चेंजेस’ (नोव्हेंबर १९६७) हा माझ्या मते त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ अल्बम आहे, ‘सार्जंट पेपर’ धरूनसुद्धा. गिटार बहुतांशी साधी, विजेविना वाजणारी. तिच्याभोवती डेव्हिड एंजलने रचलेली व्हायोलिन आणि ट्रंपेट. आणि बँडचा गायक आर्थर ली इतक्या मऊ आवाजात मरणाविषयी गातो की शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत आपण प्रेमगीत ऐकत आहोत असेच वाटते. ‘अ हाउस इज नॉट अ मोटेल’च्या अखेरीस विजेची गिटार एकदाची फुटते, तेव्हा तोवर दाबून ठेवलेले सारे बाहेर येते. अमेरिकेतील खपाच्या यादीत हा अल्बम १५४ व्या क्रमांकापुढे गेला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर झॉम्बीज बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ घ्या. तो १९६८ च्या एप्रिलमध्ये निघाला तेव्हा बँड मोडलेला होता, आणि त्यातले ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

शुद्धनिषाद:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दिवे मालवून ‘पायपर’ मोनोत ऐकला. मधल्या भागात दोनदा लक्ष सुटले, हे मान्य करतो. परंतु गत परतली तेव्हा हात आपोआप मांडीवर पडला. आज ‘फॉरेव्हर चेंजेस’ घेतो आहे.