अभ्यासिकेला नाव कुणाचं?

ए-१०३ (सेक्रेटरी): नमस्कार सगळ्यांना 🙏 क्लबहाउसच्या मागची खोली मुलांच्या अभ्यासिकेसाठी तयार झालीय, रंग झाला, टेबलं आली, पंखे पण लागले. आता फक्त बोर्ड राहिलाय. रविवारच्या मीटिंगच्या आधी नावं सुचवा.

सी-४०४: महर्षी कर्वे अभ्यासिका. कर्वेनगरात राहतो आपण, अजून काय विचार करायचा.

बी-७०१: +१

बी-२०२ (आजी): महर्षींचं नाव रस्त्याला आहे, नगराला आहे, कोथरूडात पुतळा आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहेच. पण मी म्हणते बायांचं नाव द्या. बाया कर्वे.

ए-६०२: सॉरी आजी पण बाया कर्वे म्हणजे त्यांच्या मिसेस का? आम्ही पुण्यात नवीन, खरंच माहीत नाही

बी-२०२ (आजी): हो त्यांच्या दुसऱ्या पत्नी, आनंदीबाई. पण तेवढंच सांगितलं तर काहीच सांगितलं नाही असं होईल. माहेरच्या गोदूबाई जोशी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत विधवा, म्हणजे नवरा म्हणजे काय हे कळायच्या आधीच कपाळ पांढरं. त्यानंतर पंधरा-एक वर्षं कामात गेली. त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत शिकायला होते आणि कर्वे त्यांचे मित्र, एकत्र राहायचे. १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं तिथे भावाने बहिणीला घातलं आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ही. विशी उलटून गेलेली बाई अ आ इ पासून सुरुवात करते, जरा विचार करा, आपल्याला आता नवीन ॲप शिकायला सांगितलं तरी आपण नातवाकडे फोन देतो.

सी-१०१ (बाई): आजींना अनुमोदन. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पाठ्यपुस्तकात बाया एका ओळीत येतात, "कर्व्यांनी विधवेशी विवाह केला". जणू विवाह एकट्यानेच करता येतो.

सी-४०४: बाई तसं नाही हो, पण त्या काळात धाडस त्यांचं होतं ना, बहिष्कार त्यांच्यावर पडला

सी-१०१ (बाई): दोघांवर पडला. ११ मार्च १८९३ ला लग्न झालं. दापोलीजवळच्या मुरुडला, कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं. कर्वे सकाळी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला जायचे, तिथे आगरकरांच्या विचाराची माणसं होती, चार जण बोलणारे होते. बाया दिवसभर पुण्यात घरी. बायकांमध्ये पुनर्विवाहित बाई म्हणून कोण बोलवणार, हळदीकुंकू नाही, डोहाळजेवण नाही. तो त्रास जास्त कुणाला झाला असेल तुम्हीच सांगा.

ए-६०२: हे कधी डोक्यात आलंच नव्हतं

बी-२०२ (आजी): आणि आल्या आल्या घरात अकरा वर्षांचा मुलगा, पहिल्या पत्नीचा, रघुनाथ. तेच पुढे र. धों. कर्वे. १८९९ ला मॅट्रिकला पहिले आले. नंतर १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, संततिनियमनावर बोलायला लोक घाबरायचे तेव्हा. मग बायांचे स्वतःचे शंकर, दिनकर, भास्कर. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपल, आणि दिनकरांच्या पत्नी म्हणजे इरावतीबाई. हे सगळं घर कुणी उभं केलं? महर्षी तर पगार झाला की संस्थेला, साठवलेलं होतं ते पण संस्थेला. इरावतीबाईंनी सासऱ्यांबद्दल लिहिलंय की यांची सून झाले हे माझं भाग्य आणि यांची बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं. ती ओळ वाचली की मला बाया दिसतात.

डी-५०३: आजी टाईप करून दमाल, व्हॉइस नोट टाका ना 🙂

बी-२०२ (आजी): नाही रे बाळा, लिहिलेलं राहतं.

बी-७०१: मग त्यांनी स्वतः काय काम केलं? म्हणजे वाईट वाटून घेऊ नका पण अभ्यासिकेला नाव देताना शिक्षणाशी संबंध असावा म्हणून विचारतोय. संस्था तर महर्षींनीच काढली ना

सी-१०१ (बाई): योग्य प्रश्न आहे. १८९६ ला विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, १९०० ला हिंगण्याला आला, म्हणजे हे आपलंच कर्वेनगर. तेव्हा इथे रान होतं, महर्षी पुण्यातून रोज चिखलातून चालत यायचे, ती झोपडी कॅम्पसमध्ये अजून जपलेली आहे, मुलांना एकदा नेऊन आणा. पण बायांना त्या आश्रमापासून लांब ठेवलं गेलं. कारण विधवांचं शिक्षण आणि विधवांचा पुनर्विवाह ही दोन कामं लोकांनी एक समजली असती तर कुणी मुली पाठवल्या नसत्या आणि देणग्या पण आल्या नसत्या. आणि बाया स्वतःच पुनर्विवाहित. म्हणजे जिच्यामुळे हे काम सुचलं असं म्हणता येईल तीच दाराबाहेर. हिशोब म्हणून मला पटतो, पण त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर अजिबात पटत नाही. त्या गप्प पण बसल्या नाहीत, सुईणपणाचं शिक्षण घेतलं, बाळंतपणं केली, घरखर्चाला हातभार लावला. आणि म्हातारपणी स्वतःची हकीगत लिहिली, "माझे पुराण", १९४४ ला छापली गेली. त्यात नवऱ्यावरचा राग लपवलेला नाही. ज्या बाईला विशीपर्यंत अक्षर येत नव्हतं तिने आत्मचरित्र लिहावं, याहून शिक्षणाशी जवळचा संबंध कुठला हवा?

बी-७०१: पटलं बाई.

ए-३०५: मी एक ॲड करू का, बायांची धाकटी बहीण पण होती ना, पार्वतीबाई आठवले? माझी आजी हिंगण्याला शिकली ती त्यांचं नाव फार घ्यायची

बी-२०२ (आजी): अगदी बरोबर गं. ती पण विधवा झाली विसाव्या वर्षी, पदरात मुलगा. बायांच्या घरी आली, पंचविशीनंतर शिकायला बसली आणि मग आश्रमाची सुपरिंटेंडंट झाली. सोवळं केलेलं डोकं १९१२ पर्यंत तसंच होतं, त्यामुळे जुन्या वळणाच्या लोकांना तिच्याकडे मुलगी सोपवायला भीती वाटायची नाही. गावोगाव फिरून तिने आश्रमासाठी पैसे गोळा केले. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, एकीने दुसरं लग्न केलं म्हणून काम करायची बंदी आणि दुसरीने नाही केलं म्हणून तीच कामाचा चेहरा. आणि दोघी एकमेकींना धरून होत्या. १९१८ ला पार्वतीबाई अमेरिकेला गेली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, इंग्रजी यावं म्हणून. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी स्वयंपाक करून राहिली.

डी-५०३: काय?? १९१८ मध्ये?

सी-१०१ (बाई): हो. आपली मुलं एमएसला जाऊन कॅफेत काम करतात तेव्हा नातेवाईकांपासून लपवतात, तिने तर आत्मचरित्रात सगळं सांगितलंय.

सी-४०४: ठीक आहे मी माझी सूचना मागे घेतो. पण बोर्डवर नुसतं बाया कर्वे लिहिलं तर मुलांना कळणार नाही, खाली दोन ओळी हव्यात. आणि "महर्षींच्या पत्नी" एवढंच नको लिहायला.

बी-२०२ (आजी): मनापासून आभार. माझं म्हणणं हेच होतं, १९५८ ला महर्षींना भारतरत्न मिळालं तेव्हा बाया नव्हत्या, १९५० लाच गेल्या. निदान आपल्या सोसायटीत तरी त्यांचं नाव त्यांच्याच कामासाठी लागू दे.

ए-६०२: माझ्या मुलीने आत्ता हे सगळं माझ्या फोनवर वाचलं आणि विचारतेय की गोदूबाईंना पहिलं पुस्तक कोणतं दिलं असेल वाचायला

सी-१०१ (बाई): तिला घेऊन या माझ्याकडे, "माझे पुराण" आहे माझ्याजवळ, जुनी प्रत आहे पण वाचता येते, आम्ही दोघी मिळून शोधू.

ए-१०३ (सेक्रेटरी): ओके मग एकमत दिसतंय. बोर्ड असा करू: बाया कर्वे अभ्यासिका. खाली: गोदूबाई जोशी ऊर्फ आनंदीबाई कर्वे, देवरूख. शारदा सदनच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. "माझे पुराण" च्या लेखिका. चालेल का?

ए-३०५: आत भिंतीवर पार्वतीबाईंचं पण नाव हवं. बहिणींना वेगळं करू नका

बी-७०१: फ्रेमचा खर्च माझ्याकडून.

बी-२०२ (आजी): उद्घाटन ११ मार्चला ठेवा. शारदा सदन उघडलं ती तारीख पण तीच आणि बायांच्या लग्नाची पण तीच, चार वर्षांच्या अंतराने. परीक्षा असतात माहितीये, संध्याकाळी सातनंतर अर्धा तास पुरे.

ए-१०३ (सेक्रेटरी): नोट केलं आजी. बोर्डवाल्याला उद्या फोन करतो. स्पेलिंग बाई तपासून द्या प्लीज, "देवरूख" ला रू दीर्घ ना?

सी-१०१ (बाई): दीर्घ. मजकूर छापायला देण्याआधी मला एकदा पाठवा.