एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला

भुसावळ: पेट्रोल गाडी, इंजिनचं अ‍ॅल्युमिनियम हेड. धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड हेडला धरणारा एम८ (८ मिमी) चा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटलाय, ४ मिमी बाहेर आहे. व्हाइस ग्रिप घसरतंय. ईझी-आउट (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) मारू का?

धुळे: भाऊ, ईझी-आउट शेवटी. ते कडक पोलादाचं असतं. आत तुटलं तर साधा ड्रिल त्याला चावतसुद्धा नाही. ४ मिमी बाहेर असेल तर नट वेल्ड करणं सगळ्यात चांगलं. बॅटरीच्या दोन्ही केबल काढा. तुकड्यावर एम८ चा नट ठेवून आतून वेल्डने भरा. लाली जाऊ द्या, हाताला सोसेल इतपत थंड होऊ द्या, मग पाना लावा. आधी किंचित आवळा, मग सोडा, थोडं मागे-पुढे करत. वेल्डच्या उष्णतेनेच गंज सुटतो. पहिला नट उखडला तर दुसरा लावा, दोन-तीनदा असं होतंच.

जळगाव: आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) सोडा. आणि आपल्याकडच्या उन्हात इंजिन तापतंच म्हणून हीट टाळू नका, नुसत्या उन्हाने काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, म्हणून स्टडच्या भोवतीचं हेड तापवायचं. तापवण्याआधी ऑइल पुसून घ्या, पेट्रोलची लाइन जवळ आहे.

भुसावळ: आणि हेडच्या सपाटीलाच तुटला तर?

धुळे: मग बरोबर मधोमध सेंटर पंचने खूण करा, ३ मिमीच्या ड्रिलपासून चढत जा, डाव्या फिरणीचा (उलटा फिरून कापणारा) ड्रिल मिळाला तर तोच. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची कॉइल) बसवा. नवीन स्टडला कॉपर ग्रीस लावा.