पॉवरलाइन अडॅप्टर: ऑफिसच्या कॉम्प्युटरला भलत्याच राउटरचा पत्ता मिळतोय, काय करू?

करसल्लागार_कोल्हापूर

नमस्कार. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. खाली आम्ही आणि माझं ऑफिस, वर तीन खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने दिल्यात. मी जीएसटी आणि आयकराची कामं करते. भिंती दीड फुटी, दगडी. पुढच्या खोलीतला वायफाय मागे ऑफिसात पोचतच नाही. म्हणून एका दुकानदाराने घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर बसवून दिले: एक राउटरपाशी, एक ऑफिसात, एक मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत. प्लगमध्ये खोचले, हिरवे दिवे लागले, नेट सुरू. पासवर्ड कुणी विचारला नाही.

जूनपासून मात्र प्रिंटर मधूनच ऑफलाइन होतो आणि कॉम्प्युटरवर 'नेटवर्क' उघडलं की एक अनोळखी लॅपटॉप दिसतो. वायफायचा पासवर्ड बदलून पाहिला, तरी तो दिसतोच. माझ्या शेअर फोल्डरमध्ये अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं आहे. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते. जीएसटी रिटर्नची वीस तारीख तोंडावर आलीय आणि मला हे डोक्यातून जात नाहीये.

विजेच्या तारेतून कुणी आत येऊ शकतं का? वरच्या खोल्यांना सब-मीटर आहेत, त्याने अडत नाही का? मुलांवर उगाच संशय घ्यायचा नाही. आईच्या आजारपणात रात्री रिक्षा शोधून आणणारी मुलं आहेत ती.

अक्षय_ठाणे

ताई, प्रिंटर सापडत नाही नेमका तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) व गेटवे (ज्या राउटरमधून नेट येतंय त्याचा पत्ता) इथे लिहा. सगळं ठीक असतानाचेही द्या.

करसल्लागार_कोल्हापूर

ठीक असताना १९२.१६८.०.१२, गेटवे १९२.१६८.०.१. आत्ता बघितलं तर १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१. आमच्या राउटरवर ०.१ छापलंय. हा १.१ कुणाचा?

फेज_न्यूट्रल

ताई, तो १.१ बहुतेक वरच्या मजल्यावरच्या राउटरचा. तिथेही कुणीतरी अशीच अडॅप्टरची जोडी लावली असणार. कुणी घुसलंय असं मला वाटत नाही, दोन्हींकडची नेटवर्कं तारेतून एक झालीत. तुमचा कॉम्प्युटर सुरू होताना पत्ता मागतो, दोन राउटर उत्तर देतात, आणि ज्याचं आधी पोचलं त्याचा पत्ता तो घेतो. मग तुमचं दिवसभराचं काम त्या मुलाच्या कनेक्शनवरून बाहेर जातं. जीएसटीचं पोर्टल एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर चालतं, त्यामुळे लॉगिन आणि रिटर्न वाटेत वाचता येत नाही. शेअर फोल्डरचं तसं नाही. त्याला पासवर्ड नसेल तर तो वरच्या लॅपटॉपवरून उघडू शकेल. ते शेअरिंग आत्ताच्या आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा.

आता हे का होतं ते सांगतो. होमप्लग एव्ही जातीचे अडॅप्टर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झचा सिग्नल चढवतात. डेटा १२८ बिट एईएस या कूटपद्धतीने कुलूपबंद असतो आणि ते कुलूप चांगलं आहे. पण किल्ली तयार होते नेटवर्कच्या पासवर्डवरून, आणि कारखान्यातून निघताना तो पासवर्ड सरसकट एकच ठेवलेला असतो, 'होमप्लगएव्ही'. कंपनी वेगळी असली तरी हाच. म्हणून तुमचा आणि वरचा अडॅप्टर एकमेकांना घरचे समजले. हिरवा दिवा फक्त जोडणी झाल्याचं सांगतो. ती कुणाशी झाली हे त्यावरून कळत नाही. बसवणाऱ्याने हे सांगायलाच हवं होतं, आणि बरेच जण सांगत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

मीटरबद्दल. मीटर युनिटं मोजतो. हा सिग्नल अडवणं त्याचं काम नाही. बोर्डातल्या एमसीबी आणि आरसीसीबी या सुरक्षेच्या स्विचांतूनही तो थोडा क्षीण होऊन पार जातो. अपार्टमेंटमध्ये सगळ्यांच्या वायरी मीटररूममधून एकाच डक्टने वर जातात. तिथे शेजारच्या वायरीत सिग्नल उतरतो, म्हणून स्वतंत्र मीटर असूनही दोन फ्लॅटचे अडॅप्टर जुळलेले मी पाहिलेत. तुमच्याकडे तर मुख्य मीटर एकच, सब-मीटर त्याच्या पुढे. म्हणजे वायरिंग एकच धरा. इन्व्हर्टरच्या पॉइंटवर अडॅप्टर लावून वेगळेपणा येईल असंही समजू नका, न्यूट्रल बहुतेक घरांत सामाईकच असतो.

उपाय: तिन्ही अडॅप्टर एकेक करून लॅपटॉपजवळ आणा, लॅनच्या केबलने जोडा, कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा आणि नेटवर्कचा पासवर्ड बदला. तिन्हींना तोच एक पासवर्ड, लांबलचक, वायफायचा नको. जागेवरूनच बदलायचा तर त्या त्या अडॅप्टरच्या मागच्या लेबलवरचा चार-चार अक्षरांच्या चार गटांचा कोड लागतो आणि लॅपटॉपला जोडलेला अडॅप्टर शेवटी बदलावा लागतो, नाहीतर बाकीचे दिसेनासे होतात. पेअरच्या बटणानेही वेगळी किल्ली लावता येते, पण सॉफ्टवेअरमध्ये कोण कोण जोडलंय याची यादी दिसते. मला ती यादी महत्त्वाची वाटते. लेबलांचे फोटो काढून ठेवा, आणि ते कुणाला पाठवू नका.

वरच्या मुलालाही हेच करायला सांगा. तुमच्या घराची काळजी आहे तशी त्याचीही आहे. त्याचा लॅपटॉप तुमच्याकडे उघडा पडलाय.

पॅकेट_नाशिक

वरच्याला पूर्ण सहमती, दोन भर घालतो. एक, पेअरचं बटण. जोडलेल्या कुठल्याही अडॅप्टरचं बटण दाबलं की साधारण दोन मिनिटं दार उघडं राहतं आणि त्या वेळात दुसऱ्या अडॅप्टरचं बटण दाबणारा आत येतो. म्हणून जिन्यात, पॅसेजमध्ये, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पोचेल अशा पॉइंटवर अडॅप्टर ठेवू नका. दोन, काही अडॅप्टरांत लेबलवरचा कोड मॅक पत्त्यावरूनच (अडॅप्टरचा नेटवर्कवर दिसणारा स्वतःचा क्रमांक) काढता येतो, हे २०१४ मध्ये पॅरिसच्या नोसचकॉन परिषदेत दाखवलं गेलं. तुमचं मॉडेल जुनं असेल तर फर्मवेअरचा, म्हणजे अडॅप्टरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा अपडेट बघा. अशिलांचे कागद असलेला फोल्डर तर पासवर्डशिवाय नकोच, नेटवर्क कितीही घट्ट असो.

सिव्हिलवाला_मिरज

एवढं करण्यापेक्षा ऑफिसपर्यंत सरळ नेटवर्कची कॅट ६ केबल ओढा. पॉवरलाइन म्हणजे मिक्सर लावला की नेट गेलं.

फेज_न्यूट्रल

केबल केव्हाही चांगली, मान्य. पण दीड फुटी दगडात भोक पाडायला माणूस मिळेपर्यंत ताईंच्या वीस तारखेचं काय? आधी किल्ली बदलू दे.

करसल्लागार_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेअरिंग त्याच रात्री बंद केलं. सकाळी वर गेले तर मधल्या खोलीतल्या मुलाने जूनमध्येच अडॅप्टरची जोडी आणली होती. त्याची कंपनी वेगळी. तोही वैतागला होता, त्याच्या मोबाइलवर मधूनच आमचा प्रिंटर यायचा म्हणे. चहा घेता घेता दोघांचे पासवर्ड बदलले. आता माझ्या यादीत माझेच अडॅप्टर दिसतात, गेटवे ०.१ वरच राहतो, आणि तो लॅपटॉप गेला. फोल्डरला वेगळं खातं आणि पासवर्ड लावलाय. जीएसटीचे ३बी रिटर्न वेळेत गेले.

एकच शंका: रात्री नऊनंतर वेग निम्म्याच्या खाली येतो. अजून काही जोडलेलं राहिलंय का?

फेज_न्यूट्रल

छान केलंत, आणि त्या मुलाशी आधी बोललात हे फार बरं झालं.

वेगाचं कारण वेगळं. किल्ल्या वेगळ्या झाल्या तरी तार तीच आहे. दोन्ही नेटवर्कं तिच्यावर पाळीपाळीने बोलतात, तो रात्री सिनेमा बघायला लागला की तुमची पाळी उशिरा येते. तुमचा डेटा त्याला वाचता येत नाही, एवढं नक्की. एक बघा: ऑफिसातला अडॅप्टर स्पाइक बस्टरच्या बोर्डात असेल तर काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, ते बोर्ड हा सिग्नल गिळतात. आणि कुणी अडॅप्टरचं रीसेट दाबलं तर पासवर्ड पुन्हा कारखान्याचाच होतो, म्हणून प्रिंटरने पुन्हा तसं केलं तर आधी ती यादी उघडा.

करसल्लागार_कोल्हापूर

स्पाइक बस्टरमध्येच होता! काढला, बराच फरक पडला. तरी ऑफिससाठी केबल टाकूनच घेते. मिरजकर दादा, परसातून, बाहेरच्या भिंतीने न्यायची तर कुठली घेऊ? आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

सिव्हिलवाला_मिरज

आउटडोअर कॅट ६, काळ्या आवरणाची, उन्हापावसात टिकणारी. पूर्ण तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची गळ्यात मारतील. विजेच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप घ्या. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं ठेवा, नाहीतर पाणी केबलवरून आत येईल.