मदत हवी आहे : ली-एनफिल्डचं कापलेलं लाकूड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या शाळेत कवायतीची, निकामी केलेली जुनी, ईशापूर कारखान्याची ली-एनफिल्ड रायफल आहे, १९०७ च्या मार्क ३ नमुन्याची. काचेच्या कपाटात मावावी म्हणून कुणीतरी नळीखालचं लाकूड मधल्या पट्ट्यापाशी कापलंय. करवतीचे चरे अजून दिसतात, बघवत नाही. मूळ लाकूड अक्रोडाचं. त्यालाच जोड द्यावा की अख्खं नवं बसवावं? मला जोडच बरा वाटतो, जुनं लाकूड राहील. फक्त, पुढचं लाकूड उतरवल्याशिवाय दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) घट्ट धरणारा बोल्ट फिरवायचा नसतो, नाहीतर ते मागून चिरतं. हे जाणणारा माणूस हवा. नाशिक-देवळालीत असा परवानाधारक गनस्मिथ कुणाच्या ओळखीत आहे का? कृपया सांगा.