'शाकुंतला'ला पाच संधी लावताना गाडी अडते

प्रश्न (नाट्यअभ्यासक):
एम.ए. नाट्यशास्त्राची तयारी चालू आहे. अर्थप्रकृती (कथानकाचे पाच घटक, जसं बीज, पताका), कार्यावस्था (फळाकडे जाण्याचे पाच टप्पे, जसं आरंभ) आणि संधी (कथानकाचे पाच भाग) यांच्या याद्या पाठ आहेत, पण कालिदासाच्या 'शाकुंतला'वर लावून दाखवा म्हटलं की अडतं. बीज आणि आरंभ एकच आहेत का? नोट्समध्ये लिहिलंय की एक अर्थप्रकृती अधिक एक अवस्था म्हणजे एक संधी. मग तिसऱ्या, म्हणजे गर्भसंधीत पताका (साहाय्यक उपकथानक) कुठून आणायची? विष्कंभक आणि प्रवेशक या अंकांआधीच्या सूचक प्रसंगांतही गोंधळ होतो.

उत्तर १ (तालीमखाना):
आधी फळ ठरवा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. 'शाकुंतला'त फळ म्हणजे पुत्रासह शकुंतलेची प्राप्ती. आता मागे या. पहिल्या अंकात दुष्यंत बाण आवरतो तेव्हा वैखानस हा तपस्वी त्याला चक्रवर्ती पुत्राचा आशीर्वाद देतो. हे बीज, कारण सातव्या अंकातला भरत इथूनच निघतो. आरंभ मात्र नायकाच्या मनात असतो. ही मुलगी क्षत्रियाने वरण्याजोगी आहे, असं दुष्यंत मनाशी ठरवतो तिथे फळाची उत्सुकता जागी होते. बीज कथेत पडतं, आरंभ नायकात होतो.

संधींची टीकाकारांमध्ये रूढ असलेली वाटणी अशी: पहिला अंक आणि दुसऱ्याचा काही भाग मुख, तिथून तिसऱ्याच्या अखेरपर्यंत प्रतिमुख, चौथ्यापासून पाचव्यात गौतमी शकुंतलेचा घुंगट दूर करते तिथवर गर्भ, पुढे सहावा संपेपर्यंत विमर्श, सातवा निर्वहण. संधी अंकाच्या मधोमधही बदलतो, हे लक्षात ठेवा. पेपरात 'एक अंक, एक संधी' असं लिहिणारे पुष्कळ असतात आणि सात अंकांशी हिशेब जमेना की अडकतात.

गर्भसंधीवर सर्वांत जास्त वेळ द्या. तिथली अवस्था प्राप्त्याशा, म्हणजे आशा आणि अपाय एकत्र. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप होतो आणि लगेच शकुंतलेची सखी प्रियंवदा हिच्या विनवणीने उःशापही मिळतो: ओळखीचा दागिना दाखवला की शाप सरेल. फळ हातचं जातं आणि त्याच प्रवेशात परतीची वाटही उघडते. उत्तरात नुसतं 'शाप झाला' लिहून थांबू नका, उःशापाशिवाय प्राप्त्याशा सिद्ध होत नाही.

पताकेचा हट्ट सोडा. पताका म्हणजे नायकाला साहाय्य करणारं, लांबवर चालणारं उपकथानक, जसा रामकथेत सुग्रीव. प्रकरी त्याच जातीची पण आटोपशीर, जसा जटायू. दोन्ही प्रत्येक नाटकात असायलाच हव्यात असं नाही, प्राप्त्याशा मात्र हवीच. पाच अर्थप्रकृतींना पाच अवस्था जोडण्याची रीत धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्राच्या ग्रंथातली आहे. ती पाठ असू द्या, पण पताका नसेल तिथे ओढूनताणून दाखवू नका.

उत्तर २ (रंगपट):
विष्कंभक आणि प्रवेशक दोन्ही रंगमंचावर न दाखवलेल्या घटना कळवतात. फरक पात्रांत आणि जागेत आहे. प्रवेशकात फक्त नीच (खालच्या दर्जाची) पात्रं, भाषा प्राकृत, आणि तो दोन अंकांच्या मध्येच येतो, पहिल्या अंकाआधी कधीच नाही. विष्कंभक पहिल्या अंकाच्या आरंभीही चालतो. त्यात फक्त मध्यम पात्रं असली तर शुद्ध, नीच पात्रंही आली तर मिश्र.

'शाकुंतला'त तिसऱ्या अंकाआधी कण्वाचा शिष्य एकटाच येऊन बोलतो, तो शुद्ध विष्कंभक. सहाव्याच्या सुरुवातीला अंगठीसकट पकडलेला कोळी आणि रक्षक, तो प्रवेशक. चौथ्याच्या आरंभी अनसूया-प्रियंवदा प्राकृतात बोलतात म्हणून बरेच जण त्याला प्रवेशक म्हणतात. तो विष्कंभक आहे. भाषेवरून नव्हे, पात्रांच्या दर्जावरून ठरवा. दुर्वास तर तिथे दिसतही नाही, त्याचा फक्त आवाज येतो. एवढी मोठी घटना सूचक प्रसंगात आणि पडद्याआडून देणं ही कालिदासाची फार विचारपूर्वक केलेली निवड आहे. परीक्षेत त्यावर दोन ओळी जरूर लिहा.

उत्तर ३ (प्रॉम्प्टर):
एक भर. जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटागने 1863 मध्ये मांडलेले नाटकाचे पाच टप्पे आणि या पाच अवस्था समोरासमोर ठेवून बरोबरीचं चिन्ह देऊ नका. त्याच्या आकृतीत शिखर मधोमध असतं आणि तिथून उतरत शेवट विनाशात होतो. आपल्याकडे शेवटी फलागम, म्हणजे फळाची प्राप्ती आहे. तिसऱ्या जागी तिथे शिखर, इथे नुसती आशा. तुलना विचारली तर हाच भेद आधी मांडा.

आणि सरावासाठी संहितेची एक प्रत पेन्सिलने खुणा करायला वेगळी ठेवा. डाव्या समासात अवस्था, उजव्यात अर्थप्रकृती, संधी बदलतो तिथे आडवी रेघ. रेघ ज्या वाक्यावर मारली ते वाक्यच उत्तरात पुरावा म्हणून द्यायचं.