ऑकलंडहून बे ऑफ आयलंड्स: बोटीचं बूड पाण्यातच घासलं तर चालेल का?

सायली_ऑकलंड
आम्ही दोघांनी जुनी ३० फुटी यॉट घेतलीय. वर्षभर ती मरीनात एकाच जागी उभी होती. नाताळच्या सुट्टीत ग्रेट बॅरियर बेटावरून बे ऑफ आयलंड्सला जायचंय. निघण्याआधी पाण्यातच ब्रश मारला तर चालेल, की वर काढावीच लागेल? खर्च ऐकून थबकलोय.

दर्यावर्दी
वर काढाच. वर्षभर न हललेल्या बोटीच्या बुडाला नुसतं शेवाळ नसणार. ऑकलंडच्या वाइटेमाटा बंदरात २००९ पासून मेडिटेरेनियन फॅनवर्म हा बाहेरून आलेला समुद्री किडा आहे: चामड्यासारखी लवचीक नळी, टोकाला गोल पिसारा. पाण्यात घासलंत तर तो तिथेच तळाला पडतो, आणि तुटलेला किडा पुन्हा वाढू शकतो. बोटी वर काढून दुरुस्त करतात त्या यार्डात धुतलं की मळ गोळा होतो, समुद्रात जात नाही.

धुताना कीलची (बुडाखालच्या उभ्या फळीची) खालची कड, सुकाणूची फट, पंखा आणि पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बघा. यार्डात बोट ज्या टेकूंवर उभी असते, तिथे रंग लागतच नाही. टेकू सरकवून तेवढे चौकोनही रंगवून घ्या, नेमकी तिथेच वसाहत धरते. अँटीफाउलिंग, म्हणजे जीव चिकटू न देणारा बुडाचा रंग, ताजं हवं.

बे ऑफ आयलंड्स ज्या प्रांतात आहे त्या नॉर्थलँडमध्ये शिरताना बुडावर चिकट थर आणि किरकोळ ठिपके, एवढंच चालतं. तिथल्या कौन्सिलचे पाणबुडे नांगरलेल्या बोटी तपासतात. यार्डाची पावती आणि फोटो जवळ ठेवा.

मालवणकर
बुडाइतकंच नांगराकडे लक्ष द्या हो! २०२१ मध्ये ग्रेट बॅरियरच्या ब्लाइंड बेमध्ये कॉलर्पा हे परदेशी समुद्री शेवाळ सापडलं, २०२३ मध्ये बे ऑफ आयलंड्समध्येही. या शेवाळाच्या छोट्याशा तुकड्यातून नवी वाढ होते आणि नांगराच्या ओलसर, अंधाऱ्या पेटीत तो कित्येक दिवस तग धरतो. या दोन्ही ठिकाणी काही खाड्यांत नांगर टाकायला बंदी असू शकते, निघायच्या आदल्या दिवशी बंदीचे ताजे नकाशे बघा. साखळीला हिरवं काही आलं तर परत पाण्यात टाकू नका. पिशवीत बांधून किनाऱ्यावर कचऱ्यात टाका, फोटो आणि जागा बायोसिक्युरिटी न्यूझीलंड या सरकारी खात्याला कळवा.

हे वेळेवर केलं तर निभावतं. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या मरीनात असेच बाहेरून आलेले काळ्या पट्ट्यांचे शिंपले सापडले, तेव्हा मरीना बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतून त्यांचा नायनाट केला. तेच शिंपले आपल्या मुंबईच्या गोदीत केव्हाच पक्के बसलेत.

सायली_ऑकलंड
मग यार्डाची तारीख आजच घेते. डिंगी (सोबतची छोटी होडी) आणि मासेमारीच्या दोऱ्यांचं काय?

दर्यावर्दी
धुवा आणि पूर्ण वाळवा. डिंगीत साचलेलं पाणी जिथलं तिथेच उपसा, पुढच्या खाडीत नेऊ नका.